डाव्या कानात टाळ्या, उजव्या कानात यमन

ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात, गाण्याच्या बैठका भरवणाऱ्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात एक फोन आला. बोलणारे कोथरूडचे एक आजोबा, जुने सभासद. म्हणाले, "अहो, गणपतीतली मैफल लावली मी तुमच्या साइटवर. त्यात गाणं कुठंय? नुसत्या टाळ्या, खोकले, आणि मधेच कोणीतरी 'क्या बात है' म्हणतंय. गाणं आपलं लांबून, शेजारच्या वाड्यात चालल्यासारखं."

कार्यालयातल्या काकांनी समोरच्या संगणकावर तीच मैफल लावली. स्पीकरवर यमन व्यवस्थित सुरू झाला. "इथे तर येतंय की हो." "मग माझाच कान गेला म्हणायचा," असं म्हणून आजोबांनी फोन ठेवला.

त्यांचा कान शाबूत होता. बिघाड आमच्या सर्व्हरवर होता, आणि त्याला सहा आठवडे उलटून गेले होते. तेवढ्या काळात सात मैफली तशाच साइटवर चढल्या. तो शोधायला मला चार संध्याकाळी लागल्या आणि त्यातल्या दोन निरपराध सॉफ्टवेअरची उलटतपासणी करण्यात गेल्या. नव्या आवृत्त्या घेताना माझ्यासारखी माणसं कुठे फसतात ते यात बरंच दिसतं, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतो आहे.

घडी कशी बसवली होती

संस्था सदाशिव पेठेतली. वर सभागृह, खाली कार्यालय. महिन्याला दोन-तीन बैठका होतात, त्यांचं चित्रीकरण होतं आणि ते सभासदांना साइटवर पाहता येतं. काही कलाकारांची अट असते की चित्रीकरण यूट्यूबवर जाऊ नये. त्यामुळे सगळं भाड्याच्या एका सर्व्हरवर आणि मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर चालतं. २०२१ मध्ये, लॉकडाउनच्या काळात, एका इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याने ही घडी बसवून दिली. तो पुढे परदेशी गेला आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या. मी संस्थेचा नोकर नाही, सभासद आहे. सर्व्हर सांभाळतो त्याच्या बदल्यात पुढच्या रांगेत बसायला मिळतं.

काम तीन टप्प्यांत होतं. कॅमेऱ्यातून आलेली मोठी फाइल आधी एफएफएमपेगकडे जाते, हे चित्र-आवाजाचं रूपांतर करणारं साधन. तो तिची तीन आकारांत रूपांतरं करतो: मोबाइलसाठी लहान, मधली आणि मोठी, ७२०पी. ती रूपांतरं शाका पॅकेजरकडे जातात. हे गूगलने मुक्त केलेलं साधन. ते चित्राला किंवा आवाजाला हात लावत नाही. फाइलचे लहान तुकडे पाडतं आणि त्या तुकड्यांची यादी लिहितं. एक यादी ॲपलच्या एचएलएस पद्धतीची, दुसरी डॅशची; दोन्ही इंटरनेटवरून व्हिडिओ तुकड्यातुकड्याने पाठवायच्या पद्धती. २०१६ मध्ये ॲपलने एचएलएसमध्येही एमपी४ धाटणीचे तुकडे चालतील असं जाहीर केलं, तेव्हापासून एकाच तुकड्यांवर दोन्ही याद्या चालवता येतात, त्यामुळे सर्व्हरवरची जागा निम्मी वाचते. शेवटी तुकडे आणि याद्या वेबसाइटच्या फोल्डरात जातात.

पॅकेजर तुकडे पाडतो म्हटलं की लोकांना वाटतं तो हवा तिथे कापतो. तसं नसतं. नारळाच्या वड्या थापल्यावर सारण गरम असतानाच सुरीने रेघा मारून ठेवतात. गार झाल्यावर वडी त्या रेघेवरच सुटते. व्हिडिओत या रेघा एन्कोडर, म्हणजे रूपांतर करणारा एफएफएमपेग, मारतो. त्यांना कीफ्रेम म्हणतात: मागच्या कुठल्याही चित्राचा आधार न घेता पूर्ण उभं राहणारं चित्र. पॅकेजरला ४ सेकंदांचे तुकडे पाड म्हणून सांगितलं, तर तो चौथ्या सेकंदाला किंवा त्यानंतर जी पहिली रेघ येईल तिथे कापतो. रेघ दहाव्या सेकंदाला असेल तर तुकडा १० सेकंदांचा. त्याचा इलाज नाही.

आवाजाची गोष्ट जरा निराळी. चित्रीकरण करणाऱ्या दादाच्या कॅमेऱ्याला आवाजाची दोन तोंडं आहेत. उजव्यात तो मिक्सरची तार लावतो: गायक, तबला, पेटी, तानपुरा. डाव्यात सभागृहाच्या मागच्या भिंतीजवळचा एक माइक, दाद आणि टाळ्या टिपायला. तो माइक फक्त संकलनासाठी, कुठे कापायचं ते टाळ्यांवरून पटकन सापडतं. साइटवर फक्त उजवा चॅनेल जायचा, मोनो करून, म्हणजे दोन्ही कानांत तोच एक आवाज. त्या विद्यार्थ्याने हे एफएफएमपेगच्या 'मॅप चॅनेल' या पर्यायाने साधलं होतं: पहिल्या फाइलच्या आवाजातला दुसरा, म्हणजे उजवा, चॅनेल घे, बाकी सोड. एका ओळीचं काम.

माझी ओळ

२०२३ मध्ये संस्थेने जुन्या कॅसेट साइटवर चढवायला घेतल्या. त्या मोनो. त्यांना उजवा चॅनेलच नाही, त्यामुळे एफएफएमपेग तिथे चूक दाखवून थांबायचा. मी त्यावर माझ्या मते हुशारीचा तोडगा काढला. मूळ आज्ञेच्या पुढे 'किंवा' जोडलं: पहिली आज्ञा फसली तर ही दुसरी, साधी आज्ञा चालव. दुसरीत चॅनेल निवडणं नव्हतं, कीफ्रेमचं अंतर नव्हतं, आवाज आणि चित्राचा आकार एवढंच. कॅसेटबरोबर एकच स्थिर फोटो असायचा, त्याला कसली आली रेघ.

आणि आणखी एक केलं. प्रत्येक कॅसेटला पहिली आज्ञा फसायची आणि पडद्यावर इंग्रजीतला लांबलचक मजकूर यायचा. काका घाबरून फोन करायचे. म्हणून मी एफएफएमपेग जे काही बोलेल ते सगळं लिनक्सच्या बिनतळाच्या डब्यात, म्हणजे देव-नलमध्ये, वळवून टाकलं. फोन थांबले.

शनिवारची रात्र

आमचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतो. तिची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. आमच्याकडे १२ होती, जून २०२३ ची. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून मिळत होत्या आणि २०२६ च्या जूनपर्यंत तरी मिळणारच होत्या. घाई करायला काही कारण नव्हतं. पण चतुर्थी २७ तारखेला, गणपतीत ओळीने कार्यक्रम, एकदा ते सुरू झाले की वेळ मिळणार नाही, असा हिशोब करून मी २३ ऑगस्टच्या शनिवारी रात्री बसलो. सणाच्या तोंडावर घर रंगवायला काढतात तसलाच हा प्रकार.

डेबियन १२ बरोबर एफएफएमपेगची ५.१ येते, १३ बरोबर ७.१. मधल्या काळात दोन मोठे आकडे बदललेले. मी एप्रिल २०२४ च्या ७.० ची घोषणा वाचली. ती आवृत्ती डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने काढली होती. आज्ञावलीतले सगळे टप्पे आता समांतर चालतात, व्हीव्हीसी या नव्या व्हिडिओप्रकाराच्या फाइली उलगडणारा डिकोडर आला, आयएएमएफ हा नवा ध्वनिप्रकार आला. वाचून मी खूश. आमच्याकडे आजतागायत एकही व्हीव्हीसी फाइल आलेली नाही, हा भाग वेगळा.

डेबियन चढली, सगळं सुरळीत. मग वाटलं, बसलोच आहे तर शाकाही करून टाकू. जुनी २.६.१ होती. २०२४ मध्ये ३.० आली होती आणि त्या मालिकेतल्या पुढच्या आवृत्त्याही निघाल्या होत्या. ती एकच चालती फाइल असते, उतरवायची आणि जुनीच्या जागी ठेवायची. ठेवली. जुनी राहिली नाही.

चाचणी म्हणून एक लहान चित्रफीत चालवली. तुकडे पडले, याद्या झाल्या, लॅपटॉपवर चित्र दिसलं, आवाज आला. रात्री १ वाजता झोपलो.

दोन तक्रारी

पहिली तक्रार आजोबांच्याही आधी आली होती, आम्ही ती तक्रार म्हणून धरलीच नव्हती. मुळशीकडे राहणाऱ्या एक बाई म्हणाल्या की नव्या मैफली सुरू व्हायला फार वेळ लागतो आणि पुढे सरकवलं की अडकतात. जुन्या मात्र चटकन लागतात. त्या भागात नेटवर्क यथातथाच, म्हणून त्यांना काकांनी "रेंज बघा" सांगितलं. 'जुन्या चटकन लागतात' हे त्यांच्या बोलण्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य होतं, ते कोणी टिपून घेतलं नाही.

आजोबांचा फोन झाल्यावर काकांनी सहज मला सांगितलं, विनोद म्हणून. मी त्यांना उलट फोन लावला. कशावर ऐकता विचारलं. "मोबाइलवर. इअरफोन लावून." दोन्ही कानांत? "छे हो, एकाच. डाव्या. उजवा मोकळा ठेवतो, दाराची बेल ऐकू यायला नको का? घरी दुसरं कोण आहे."

मी हेडफोन शोधून काढला. उजव्या कानात यमन, डाव्या कानात सभागृह. पंखा, खुर्च्या, टाळ्या. स्पीकरवर दोन्ही हवेत मिसळायचे म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. फार तर आवाज घुमल्यासारखा वाटायचा, आणि तो आम्ही सभागृहाच्या माथी मारला होता.

चुकीचा आरोपी

पहिला संशय शाकावर गेला. कारण सांगायला लाज वाटते: आकडा दोनचा तीन झाला होता. एफएफएमपेगचाही पाचचा सात झाला होता, पण तो घरातल्यासारखा, वीस-पंचवीस वर्षांचा. फाब्रिस बेलार्डने २००० मध्ये सुरू केलेला प्रकल्प. त्याच्याकडे बोट करायला मन धजत नाही.

तसा संशय घ्यायला आधारही नव्हता. ३.० मधला सगळ्यात मोठा बदल म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याची पद्धत. जुनी गूगलची खास यंत्रणा सोडून ते सीमेकवर आले. जो पॅकेजर आवाज उलगडतच नाही, तो मोनोचा स्टिरिओ कसा करील? हा प्रश्न मी पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता. त्याऐवजी २.६.१ पुन्हा उतरवली (जुन्या आवृत्त्या प्रकल्पाच्या पानावर मिळतात, एवढं नशीब), त्याच रूपांतरांवर दोन्ही आवृत्त्या चालवल्या आणि तुकड्यान् तुकडा ताडून पाहिला. दोन संध्याकाळी. निकाल: दोन्हीत तोच आवाज, तेवढ्याच लांबीचे तुकडे. शाका निर्दोष.

एकाच रात्री दोन गोष्टी बदलल्याची किंमत ती हीच. एक बदलली असती तर आरोपी एकच असता.

लिहून ठेवलेलं होतं

तिसऱ्या संध्याकाळी मी उलट टोकाकडून निघालो. जुलैतल्या एका मैफलीची डॅशची यादी आणि सप्टेंबरमधल्या एकीची, दोन्ही शेजारी उघडल्या. या याद्या साध्या मजकुराच्या असतात, कोणीही वाचू शकतो. मी चार वर्षांत एकदाही वाचली नव्हती.

ध्वनीच्या भागात चॅनेलांची संख्या लिहिलेली असते. जुलैत १. सप्टेंबरमध्ये २.

मग एचएलएसची चित्राची यादी. तिथे प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी असते. जुलैत ४.०००, ४.०००, ४.००० अशी सरळ रांग. सप्टेंबरमध्ये १०.०००, १०.०००, १०.०००.

मुळशीच्या बाईंचं कोडं तिथेच सुटलं. ७२०पी चित्राला सेकंदाला साधारण २ मेगाबिट धरले तर ४ सेकंदांचा तुकडा १ मेगाबाइटचा, १० सेकंदांचा अडीच मेगाबाइटचा. मंद जाळ्यावर पहिला तुकडा पूर्ण उतरेपर्यंत पडदा काळा, आणि पुढे सरकवलं की पुन्हा तेवढंच थांबणं. ॲपलची शिफारस तुकडे ६ सेकंदांचे ठेवा अशी आहे, आणि कीफ्रेम दर २ सेकंदांना. आम्ही ४ ठेवले होते ते याच भागातल्या सभासदांसाठी.

हा १० चा आकडा मला ओळखीचा वाटला. आमचे व्हिडिओ एच.२६४ प्रकारचे, आणि त्यासाठी एफएफएमपेग ज्या एक्स२६४ या एन्कोडरवर विसंबतो, त्याला काहीच सांगितलं नाही तर तो दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० चित्रं जाऊ देतो. आमचा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांचा. २५० भागिले २५. मध्येच दृश्य एकदम बदललं तर एक्स२६४ स्वतःहून एखादी रेघ मारतो, पण बैठकीत काय बदलणार? तिवईवरचा एकच कॅमेरा आणि मांडी घालून बसलेले गायक.

म्हणजे एन्कोडरला अंतर सांगितलंच जात नव्हतं. आणि चॅनेलही सांगितला जात नव्हता. दोन वेगळी दुखणी वाटत होती ती एकाच दिवशी, एकाच मैफलीपासून सुरू झालेली. या दोन्ही गोष्टी नसलेली आज्ञा आमच्या स्क्रिप्टमध्ये एकच होती. २०२३ ची. माझी.

देव-नलकडे वळवलेली वाट काढून टाकली आणि स्क्रिप्ट चालवली. पहिल्याच ओळीत एफएफएमपेगने सांगितलं की 'मॅप चॅनेल' नावाचा पर्याय आपल्याला ओळखू येत नाही. मग 'किंवा'च्या पलीकडची साधी आज्ञा निमूटपणे सुरू झाली.

७.० च्या बदलांच्या यादीत ते स्पष्ट लिहिलेलं आहे: जुने, कालबाह्य ठरवलेले दोन पर्याय काढून टाकले, 'पीएसएनआर' आणि 'मॅप चॅनेल'. चाळीसेक ओळींच्या मधोमध, क्यूआर कोड काढणाऱ्या फिल्टरच्या आणि डीव्हीडी वाचणाऱ्या भागाच्या संगतीत. मी घोषणा वाचली होती, यादी वाचली नव्हती.

अजून एक पाहायचं राहिलं होतं. डेबियन १२ चा कंटेनर, म्हणजे जुन्या प्रणालीची एक बंदिस्त प्रत, उभा केला, त्यात ५.१ वर जुनी आज्ञा चालवली, या वेळी तोंड न बांधता. ती चालली. पण चालताना इशारा देत होती: हा पर्याय पुढे काढला जाणार आहे, त्याऐवजी 'पॅन' फिल्टर वापरा. ५.१ जुलै २०२२ ची, ७.० एप्रिल २०२४ ची. जवळजवळ दोन वर्षांची नोटीस. आमच्या सर्व्हरवर ती दर मैफलीला तीनदा वाजत होती, आणि मी तिला तळ नसलेल्या डब्यात सोडत होतो.

या जागी काही जण मुक्त-स्रोतवाल्यांना बोल लावतात: चालत्या गाडीचं चाक कशाला काढायचं? मला ते पटत नाही. तो पर्याय जे करायचा ते सगळं फिल्टरने करता येतं, आणि एकच काम दोन वाटांनी सांभाळायचं म्हणजे दोन्हींतल्या चुका दुरुस्त करत बसायचं. ते लोक आमचे बांधील नाहीत. त्यांनी काढायच्या आधी सांगितलं, बदली साधनाचं नाव सांगितलं, काढल्यावर लिहून ठेवलं. बाजारातून विकत घेतलेल्या किती वस्तूंबाबत एवढं होतं?

दुरुस्ती

चॅनेलची दुरुस्ती सोपी. 'पॅन' फिल्टरला सांगायचं की मोनो कर आणि त्यात दुसरा चॅनेल भर. पण मोनो कॅसेटचा प्रश्न उरतोच, म्हणून आता स्क्रिप्ट आधी एफएफप्रोब या एफएफएमपेगच्याच सोबतच्या साधनाला विचारते की या फाइलीत चॅनेल किती, आणि त्यावरून ठरवते. 'फसलं तर दुसरं करून बघ' हे काढून टाकलं. एक आणि दोन सोडून तिसराच आकडा आला तर स्क्रिप्ट थांबते आणि मला निरोप येतो. एका युवा महोत्सवाचं चार चॅनेलचं ध्वनिमुद्रण तसंच येऊन अडकलं, आणि बरंच झालं.

कीफ्रेमच्या बाबतीत जुनी पद्धत चित्रं मोजायची होती: दर १०० चित्रांनी एक रेघ. २५ च्या कॅमेऱ्याला ते चोख ४ सेकंद. पण कोणी मोबाइलवर काढलेलं ३० च्या जवळचं चित्रीकरण आणून दिलं की १०० चित्रं सव्वातीन-साडेतीन सेकंदांत संपतात. मग पॅकेजर चौथ्या सेकंदानंतरची रेघ शोधत पुढच्या म्हणजे साडेसहाच्या पुढच्या रेघेपर्यंत जातो, त्यापुढचा तुकडा पुन्हा सव्वातीनचा. आता रेघा वेळेवर मारतो, दर ४ सेकंदांनी सक्तीने, मग कॅमेरा कुठलाही असो. दृश्य बदललं म्हणून मधेच मारायची सवयही बंद केली. तिन्ही आकारांत रेघा एकाच जागी पडायला हव्यात, नाहीतर नेट कमी-जास्त होताना चित्र बदलतं तेव्हा अडखळतं.

एफएफएमपेगचं बोलणं आता रोज एका फाइलीत साठतं. तीत 'पुढे काढला जाणार' अशा अर्थाचे शब्द आले की तेवढ्याच ओळी मला येतात. काकांना काही दिसत नाही, त्यामुळे त्यांचाही फोन नाही.

साइटवर चढवण्याआधी एक शेवटची चौकी बसवली: यादीतले आकडे वाचायचे. ध्वनी मोनो आहे का, चित्राचा एखादा तुकडा ४ सेकंदांहून लांब आहे का. नसेल पटत तर फाइल पुढे जात नाही. पंधरा ओळींचं काम आहे. ते २०२१ मध्ये झालं असतं तर हे प्रकरण त्या शनिवारी रात्रीच मिटलं असतं.

चर्चेत एका मित्राने सुचवलं की आता शाका सोडून जीपॅकवर जा. जीपॅक हा पॅरिसच्या टेलिकॉम पॅरिस या संस्थेत वाढलेला प्रकल्प. त्याचा एमपी४बॉक्स जुन्या लोकांना ठाऊक असतो. २०२० च्या १.० पासून त्यांनी सगळं फिल्टरांच्या साखळीवर नव्याने रचलं, आणि २०२४ ची २.४ चांगली आहे असं तो म्हणाला. असेल. एमपी४ फाइलीच्या आत काय काय आहे ते बघायला मी आता एमपी४बॉक्स वापरतोही. पण ज्याचा दोष नाही त्याला काढून दुसरा आणायचा, तोही आग विझते न विझते तोच, याला मी नाही म्हटलं. मित्र नाराज झाला. अमृततुल्यमध्ये बसून त्याची समजूत काढावी लागली, आणि बिल मीच दिलं.

सात मैफलींच्या मूळ फाइली दादाच्या कपाटातल्या हार्डडिस्कवर होत्या, म्हणून बचावलो. त्या पुन्हा रूपांतरित केल्या. इथे एक लहान ठेच लागली. नवे तुकडे जुन्याच नावांनी त्याच फोल्डरात ठेवले, तर ज्यांनी ती मैफल आधी पाहिली होती त्यांच्या ब्राउझरने साठवलेले जुने तुकडे आणि नवी यादी यांची भेळ केली. चित्र एका जागी, आवाज दुसऱ्या. म्हणून पुन्हा एकदा, या वेळी नव्या फोल्डरात.

डेबियन १३ वरच राहिलो, शाकाही नवीच आहे. मागे जायला काही कारण उरलं नव्हतं. एफएफएमपेगची ८.० मात्र माझ्या त्या शनिवारच्या आदल्याच दिवशी, २२ ऑगस्टला आली होती. ती डेबियनमार्गे आमच्यापर्यंत यायला वेळ आहे, पण या वेळी तिची यादी मी आधी वाचून काढली आणि वाचताना नव्या गोष्टींवरून नजर उडवत गेलो. बोलणं ऐकून मजकूर लिहिणारा व्हिस्पर फिल्टर आलाय, तो मोहात पाडणारा आहे, असू दे. काढलेलं काय? एफएफएमपेग स्वतः बांधणाऱ्यांना यॅज्म हे साधन चालणार नाही, नॅज्म लागेल. ओपनएसएसएलच्या १.१.० आधीच्या आवृत्त्या चालणार नाहीत. दोन्हींशी आमचा संबंध नाही. वहीत तारीख घालून टीप केली.

पुन्हा आजोबा

सगळं झाल्यावर आजोबांना फोन केला. त्यांनी डाव्या कानात यमन ऐकला, पूर्ण. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"गाणं छान येतंय आता. पण टाळ्या कुठे गेल्या?"

मी म्हटलं, आजोबा, टाळ्या आम्ही कधीच ठेवत नव्हतो, त्या चुकून आल्या होत्या.

"असेल. पण बरं वाटत होतं. तीन वर्षं झाली, मला जिना उतरून तिथवर येववत नाही. त्या टाळ्यांत बसल्यासारखं वाटायचं."

दादाशी बोललो. तो म्हणाला, नुसतं मिसळून चालणार नाही, मागचा माइक मंचापासून १२ मीटरवर आहे. आवाज तिथे पोचायला ३५ मिलिसेकंद घेतो, दोन्ही एकत्र केले की गाणं डब्यात गायल्यासारखं येईल. मिक्सरचा चॅनेल तेवढा मागे ढकलावा लागेल. ३५ मिलिसेकंद म्हणजे २५ च्या चित्रात एका चित्राहूनही कमी, ओठांशी फरक जाणवणार नाही. मग 'पॅन'मध्ये उजवा पूर्ण आणि डावा थोडासा.

थोडासा म्हणजे किती यावर आमचं अजून जमलेलं नाही. तो दहा टक्के म्हणतो, मला पंधरा हवेत. पुढच्या बैठकीच्या दोन प्रती करून आजोबांकडे पाठवणार आहोत. डाव्या कानासाठी.